बंगळूरची नयना

जे. पी. नगर, बंगळूर
१२ जानेवारी १९९८

चि. सौ. नयनास,

आशीर्वाद. ‘इकडे सर्व क्षेम’ लिहायची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू? क्षेम काही नाही.

अप्पांना झटका आला त्याला तीन महिने झाले. उजवा हात-पाय गेला तो गेलाच. दिवसाकाठी दोन-चार शब्द बोलतात, तेही मनात आलं तर. पातळ काही दिलं की ठसका लागतो, म्हणून रागीची अंबली दाटसर करून चमच्या-चमच्यानं भरवते. एका वाटीला पाऊण तास. मग कूस बदलायची, पुसायचं, चादर काढायची, ती धुवायची, परत कूस. तुझा अण्णा सकाळी सहाला बोम्मसंद्र्याच्या कारखान्याच्या बसला पळतो तो सातला घरी. मधले तेरा तास मी आणि तुझे वडील. मालनबाईला ठेवली होती. अप्पांनी तिच्या हातचा एक घास गिळला नाही; परक्या हातचं त्यांना आयुष्यात चाललं नाही, ते आता चालणार? पंधराव्या दिवशी ती म्हणाली, ‘अक्का, मला जमत नाही,’ आणि गेली.

आता कामाचं. उचलून उचलून माझं गर्भाशय खाली उतरलंय. डॉक्टरीणबाई म्हणते पिशवी काढायलाच हवी, आणि त्यानंतर सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मी विचारलं, ‘आणि सासऱ्यांना?’ तर ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते.

तेव्हा एकच मागते. सहा आठवडे ये. औषधं नकोत, फोनवर म्हणालीस ती चाकांची खुर्ची पाठवू नकोस. तू ये. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू रडतेस, आणि तुझं रडणं आवरेपर्यंत फोन संपतो.

तुझी,
विमलावैनी

———

एडिसन, न्यू जर्सी
२७ जानेवारी १९९८

ती. सौ. वैनींना,
सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. वैनी, तुमच्यावर केवढं पडलंय! मला इथे जेवण जात नाही.

यायचं म्हणाल तर आत्ता अगदी शक्य नाही. आमचे ग्रीन कार्डाचे कागद मध्येच अडकलेत, देशाबाहेर पाऊल टाकलं की सगळं परत पहिल्यापासून. ह्यांचीही नवी नोकरी.

पण मी हातावर हात ठेवून बसलेली नाही. इथे इंटरनेटवर एक मेलिंग लिस्ट आहे. घरात आजारी माणसाचं सगळं करणारे जगभरातले लोक आहेत तीवर. कोणाचा नवरा, कोणाची आई. एकानं प्रश्न लिहिला की तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जातो आणि ज्याला माहीत असेल तो उत्तर देतो. ओहायोची एक ग्लॅडिस आहे, नवऱ्याचं अकरा वर्षं करतेय. डॉक्टरांना जे सुचत नाही ते तिला माहीत असतं. मी तुमच्या अडचणी विचारल्या. उत्तरांचे कागद छापून सोबत पाठवतेय, बत्तीस पानं आहेत. सावकाश वाचा. काय अडेल ते मला लिहा, मी विचारून कळवते.

तुम्ही एकट्या नाही आहात, वैनी.

नयना

———

जे. पी. नगर
९ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. नयनास,

आशीर्वाद. बत्तीस पानं वाचली. केव्हा वाचली विचारू नकोस.

एक गोष्ट लाखमोलाची निघाली, ती आधी सांगते, नाहीतर म्हणशील वैनी नुसती कुरकुरते. अंगाखाली दुहेरी घडीची चादर घालायची आणि माणसाला न ओढता चादर ओढायची. तुझ्या ग्लॅडिसला माझा नमस्कार सांग. पाठीची अर्धी कळ तिनं कमी केली.

बाकीचं काय सांगू? एक बाई म्हणते वर उचलायचं यंत्र बसवा. आमच्या खोलीत ते बसवलं तर अप्पांना बाहेर काढावं लागेल. दुसरी म्हणते तुमच्या चर्चच्या मंडळींना पाळीपाळीनं बोलवा. तिसरी म्हणते, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा, गरम पाण्याच्या टबात मेणबत्ती लावून बसा. अय्यो! इथे नळाला पाणी दिवसाआड येतं, आणि मेणबत्ती आम्ही लाइट गेली की लावतो. तुझा अण्णा हसून हसून लोळला. मी नाही हसले.

आता खरा प्रश्न, तो विचार. परवा एकादशी झाली. तुला आपल्या घरची एकादशी माहीत आहे. ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ नव्हे, पाण्याचा थेंब नाही. अप्पांचं सगळं गेलं, तिथी गेली नाही. समोर मठाचं पंचांग टांगलेलं असतं, त्यावर डोळा. पहाटेपासून दात आवळून बसले. पाणी नाही, बीपीची गोळी नाही. दुसऱ्या दिवशी लघवी लालभडक आणि अंगात ताप. मठातले आचार्य घरी येऊन सांगून गेले, ‘आजाऱ्याला उपासाची सक्ती नाही.’ अप्पांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. महिन्यातून दोनदा हे. काय करू?

आणि माझं काय ठरलं ते तू लिहिलंच नाहीस. डॉक्टरीणबाई आता रागावते. मी परत विचारते: सहा आठवडे येतेस का?

वैनी

———

एडिसन
२४ फेब्रुवारी १९९८

ती. वैनी,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं.

मी लिस्टवर विचारलं. एकादशी त्या लोकांना कुठे समजावत बसू, म्हणून ‘काही दिवस अन्नपाणी, औषध सगळं नाकारतात, तोंड घट्ट मिटून घेतात’ एवढंच लिहिलं. वैनी, चौदा उत्तरं आली आणि चौदाही एकच सांगतात. माणूस जायला निघाला की आधी पाणी सोडतो. हे त्याचं सांगणं असतं. जबरदस्ती करू नका, ओठ ओल्या कापसानं पुसा, हात धरून बसा आणि म्हणा, ‘तुम्ही निघालात तरी चालेल.’ ग्लॅडिसनं तर मला इतकं सुंदर पत्र लिहिलंय की मी ऑफिसात रडले.

मला माहीत आहे तुम्ही म्हणाल की ती एकादशी होती. पण एकादशी हे निमित्त असेल, वैनी. एवढ्या अनुभवी लोकांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण फार जवळ असतो.

शेवट जवळ आला असं वाटलं तर लगेच फोन करा. मी मिळेल त्या विमानानं येते. कागदांचं काय व्हायचं ते होवो.

उत्तरं सोबत आहेत.

नयना

———

जे. पी. नगर
१० मार्च १९९८

नयना,

आशीर्वाद. रागात आहे, तरी आशीर्वाद.

एकादशी होती ग बाई! निमित्त नव्हतं, एकादशी होती! द्वादशीला उजाडता उजाडता तुझ्या ‘निघालेल्या’ वडिलांनी दोन वाट्या अंबली खाल्ली आणि चटणी कुठाय म्हणून डाव्या हातानं ताट वाजवलं. मी त्यांचा हात धरून ‘तुम्ही निघालात तरी चालेल’ म्हणायचं? त्यांनी त्याच हातानं माझ्या मुस्काटात दिली असती, आणि बरोबर केलं असतं.

माझा मार्ग मी काढला. पंचांग खाली उतरवलं आणि भिंतीला रंग द्यायचाय म्हणून सांगितलं. परवा एकादशी आली, मी म्हटलं आज दशमी. दुसऱ्या दिवशी द्वादशी, मी म्हटलं या खेपेला एकादशीचा क्षय झालाय, आज द्वादशीच. पाणी प्याले, गोळी घेतली. ज्या माणसानं साठ वर्षं एक एकादशी मोडली नाही त्याची मी फसवून मोडली. हे पाप कोणाच्या खात्यावर, ते तुझ्या चौदा जणींना विचार.

पण राग त्याचा नाही. तुझे ते कागद नीट वाच एकदा. प्रत्येक उत्तराच्या खाली मूळ प्रश्न परत छापलेला असतो, ओळीआधी बाणाचं टोक काढून. तू तो भाग कापायला विसरलीस. बी.ए. झालेली आहे मी, इंग्रजी मला येतं. तिथे लिहिलंय: ‘मी बंगळूरला राहते. माझ्या वडिलांचं मीच सगळं करते. आज त्यांची कूस बदलताना माझी पाठ भरून आली.’ खाली सही, नयना.

तुझी पाठ भरून आली?

आणि वर ती ग्लॅडिस लिहिते, ‘नयना, तुझ्यासारखी मुलगी मिळायला भाग्य लागतं. आज तू स्वतः जेवलीस का?’ हे वाचून मी चुलीपुढं उभी राहून रडले. कारण मी जेवले नव्हते. आणि मला कोणी विचारलं नव्हतं. तुझ्या अण्णानंसुद्धा नाही.

आणि तू लिहितेस, शेवट जवळ आला की मिळेल त्या विमानानं येते. म्हणजे मरणाला येशील, जगवायला येणार नाहीस. मग तेव्हा कागद अडत नाहीत काय?

विमला

———

एडिसन
२६ मार्च १९९८

ती. वैनी,

नमस्कार लिहायची लाज वाटते.

पहिल्यांदा मी खरं लिहिलं होतं, देवाशप्पथ. ‘माझी वहिनी माझ्या वडिलांचं करते, तिची ही अडचण आहे.’ त्यावर एका माणसानं सभ्यपणे लिहिलं की ही लिस्ट प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी आहे, वहिनींनी स्वतः लिहावं. तुम्ही कुठून लिहिणार? म्हणून पुढच्या खेपेला ‘मी’ लिहिलं. नुसतं उत्तर मिळावं म्हणून.

मग ते विचारायला लागले, तू कशी आहेस, झोपलीस का. वैनी, तुमचं पत्र आलं की मी ते पुढं ठेवून इंग्रजीत लिहायचे आणि लिहिताना खरंच वाटायचं की मी अप्पांजवळ आहे. इथे मला कोणी विचारत नाही की तुझ्या वडिलांचं कसं आहे. ऑफिसात कोणाला माहीतसुद्धा नाही. तेवढा अर्धा तास मी चांगली मुलगी असायचे.

मला भीती वाटते हेही लिहून टाकते. अप्पांना तसं बघायची. मला शिकवताना खडूनं फळ्यावर टकटक करायचे तो हात लुळा पडलेला बघायची.

रागावा. पण बोलणं टाकू नका.

नयना

———

एडिसन
१४ एप्रिल १९९८

वैनी,

हे तुम्ही काय केलंत?

काल सकाळी मेल उघडली तर लिस्टवर नवीन नाव: विमला, बंगळूर. मला वाटलं आता माझं भांडं फोडलंत. उभ्याउभ्याच वाचलं. तुम्ही माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. ‘मी सासऱ्यांचं करते. माझं ऑपरेशन तीन महिने लांबलंय कारण त्यांना उचलायला कोणी नाही. त्यांची मुलगी परदेशात असते आणि मला पुष्कळ सल्ले पाठवते. ती वाईट नाही. तिला कसं बोलवावं ते मला कळत नाही.’ बस, एवढंच.

त्या मुलीला लोकांनी काय काय म्हटलं ते छापून पाठवत नाही. मी सगळं वाचलंय.

पण खरं ते पुढं. दुपारी ग्लॅडिसनं लिस्टवर सगळ्यांसमोर लिहिलं: ‘नयना, ही विमला तुझ्याच गावात आहे! तुला हे काम येतं, तुझ्याइतकं तिला कोण समजून घेईल? ऑपरेशनच्या दिवसांत तू तिच्याकडे जाऊ शकशील का?’ मग कॅनडातली एक, मग एक पाद्री, मग सगळेच. काल रात्रीपर्यंत अकरा जणांनी विचारलंय: नयना, गेलीस का तिच्याकडे? एकानं तर नकाशा काढून कळवलंय की बंगळूर हे एकच शहर आहे, फार लांब नसेल.

मी काय उत्तर देऊ? माझ्या वडिलांना सोडून कशी जाऊ म्हणून लिहू? अर्धं लिहिलंही होतं. पुसलं.

आज वकिलाला फोन केला. कागद अडकले असताना बाहेर जायचं असेल तर आधी परवानगी काढायची असते. तीन-चार आठवड्यांत मिळते. कोणालाही मिळते. मी जानेवारीत विचारलंच नव्हतं. तुम्हाला जे कारण लिहिलं ते मला हवं होतं, म्हणून खात्री केली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते. डॉक्टरीणबाईंकडून तारीख घ्या.

नयना

———

जे. पी. नगर
२७ एप्रिल १९९८

चि. सौ. नयनास,

आशीर्वाद. तुझ्या लिस्टवरच्या त्या अकरा जणांना मी ओळखत नाही. त्यांनी असं काही लिहावं हा माझा डाव नव्हता. लिस्टचा पत्ता तुझ्या कागदांवर छापलेला होताच. चौकातल्या सायबर कॅफेत गेले, तिथल्या पोरीनं मेल कशी करायची ते दाखवलं, अर्धा तास शेजारच्या मल्लाप्पाला अप्पांजवळ बसवून आले होते. मला नुसतं कोणाला तरी सांगायचं होतं. तुला सांगून थकले होते.

तू तिथे मीठमसाला लावून माझंच आयुष्य विकत होतीस याचा राग गेलेला नाही. येशील तेव्हा जाईल की नाही ते बघू.

ऑपरेशन २० मेला. तिथून मी माझ्या बहिणीकडे, वसुमतीकडे येलहंक्याला जाणार. घरी राहिले तर बादली उचलीन, हे डॉक्टरीणबाईला माहीत आहे, मलाही. वसुमतीकडे फोन आहे, पण तू फोन करायचा नाहीस. तू रडशील आणि मी ऑटो करून येईन. काही असेल तर चिठ्ठी लिहून तुझ्या अण्णाबरोबर पाठव, तो रविवारी येईल.

मी आठ दिवस तुझ्याबरोबर राहून सगळं दाखवीन. नखं कापून ये.

वैनी

———

जे. पी. नगर
३ जून १९९८

ती. वैनी,
सा. न.

रविअण्णाबरोबर ही चिठ्ठी. टाके सुकले ऐकून बरं वाटलं. वसुमतीअक्कांना म्हणावं, यांना कपडेसुद्धा वाळत घालू देऊ नका.

तुम्ही गेल्यापासून चौदा दिवस. लिस्टवर मी एक ओळ लिहिलेली नाही. ती मंडळी ‘दर दोन तासांनी कूस बदला’ लिहितात ना, ते दोन तास कुठे असतात ते मला कोणी दाखवावं. एक चादर दगडावर पडली की दुसरी भिजते. पाठ भरून येणं म्हणजे काय ते मी किती छान इंग्रजीत लिहायचे! पाठ भरून वगैरे येत नाही. पाठ असते हेच विसरायला होतं, आणि मग खाली वाकलं की वर येता येत नाही. पोळ्या करताना मी काल कट्ट्यावर डोकं टेकून झोपले. तवा जळला.

अप्पांच्या पाठीवरची पडून पडून झालेली जखम आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही. हे चिठ्ठीत सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

आता जे सांगायचंय ते. परवा दुपारी तिसऱ्यांदा अंबली तोंडातून बाहेर आली, माझ्या अंगावर, आत्ताच बदललेल्या चादरीवर. वैनी, मी ओरडले. ‘गिळा ना! एवढं साधं गिळता येत नाही?’ माझ्या बापाच्या अंगावर. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी बघितलं इतकं मोठ्यानं. वाटी तिथंच आपटली आणि मागं धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. रडूसुद्धा येईना, नुसता संताप. त्यांचा, तुमचा, अण्णाचा, त्या ग्लॅडिसचा.

आतून हाक आली. ‘विमला.’

मी उठले नाही. परत आली. ‘विमला.’ चौदा दिवसांत एवढा स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. आत गेले आणि म्हटलं, ‘अप्पा, विमलावैनी दवाखान्यातून येलहंक्याला गेल्यात. मी नयना.’ त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मान हलवली. मग एकेक शब्द ओढून काढत मला समजावल्यासारखं म्हणाले, ‘नयना... लांब. येत नाही.’

मी अंबली पुसून काढली, सदरा बदलला. तुमच्यासारखी चादर ओढून कुशीवर केलं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट पकडलं आणि म्हणाले, ‘विमला, तू जाऊ नको.’

हात सुटेना. किती ताकद आहे हो त्या हातात अजून.

मी म्हटलं, ‘नाही जात, अप्पा.’ मग ते झोपले.

माझं परतीचं तिकीट पाच जुलैचं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दोन जुलैला घरी येणार. म्हणजे तो शब्द मी तुमच्या नावानं देऊन बसले, आणि पाळायचा तुम्हालाच. परत एकदा तुम्हाला न विचारता तुमच्या वतीनं बोलले. मला दुसरं काही सुचलं नाही, वैनी.

नयना